स्किझोफ्रेनियाची औषधे : सवय, वाढलेले वजन, चहातली गोळी आणि ऊसतोडीचा हंगाम

धारूर तालुक्यातील एका ताईंनी आपल्या धाकट्या भावाविषयी विचारले आहे. भाऊ २४ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याला शेजारचे लोक आपल्याविषयीच बोलतात, विहिरीवरच्या मोटारीतून आपल्याला शिव्या ऐकू येतात, घरच्यांनी जेवणात काही तरी कालवले आहे, असे वाटू लागले. भानामती झाली असे समजून काही महिने देवऋषीकडे गेले आणि मग मानसोपचारतज्ज्ञांकडे नेल्यावर स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. सुरुवातीला रिस्पेरिडोन ४ मिलिग्रॅमपर्यंत दिले, परंतु अंग ताठ होऊ लागले आणि त्याला एका जागी बसवेना, म्हणून ते बदलून रात्री ओलान्झापिन १५ मिलिग्रॅम सुरू केले. आता आठ महिने झाले आहेत. आवाज थांबले आहेत, संशय जवळजवळ गेला आहे. मात्र वजन ५६ किलोवरून ६९ किलो झाले आहे आणि सकाळी दहाशिवाय तो उठत नाही. आई गोळी कुटून संध्याकाळच्या चहात देते. वडील म्हणतात की पोरगा बरा झाला, आता झोपेच्या गोळ्या बंद करा, नाही तर सवय लागेल. दसरा झाला की घरचे त्याला घेऊन कोल्हापूरकडे ऊसतोडीला जाणार आहेत आणि दरम्यान एक स्थळही चालून आले आहे. पुढे काय करावे, असा ताईंचा प्रश्न आहे.

ताई, तुमच्या पत्रातली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे आवाज थांबले आहेत. वजन वाढले आणि झोप आवरत नाही, या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांच्यावर उपाय आहेत. तो उपाय औषध बंद करणे हा नव्हे. माझ्या अनुभवात रुग्ण औषध सोडतात ते बहुतेक वेळा हट्टाने नव्हे, तर त्रास होतो आणि तो कोणी ऐकून घेत नाही म्हणून. तेव्हा तक्रार सांगायची लाज बाळगू नका आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांनी ‘बरं आहे ना?’ एवढेच विचारून तीच चिठ्ठी पुढे ढकलली, तर थांबून सांगा की बरे आहे, पण तेरा किलो वजन वाढले आहे.

आधी वडिलांच्या शंकेकडे येतो. ही झोपेची औषधे नाहीत. या औषधांचा इतिहासच त्याची साक्ष देतो. क्लोरप्रोमाझिन हे या गटातले पहिले औषध फ्रान्समध्ये १९५० च्या डिसेंबरात तयार झाले. आंरी लाबोरी हे शल्यचिकित्सक भुलीच्या वेळी वापरण्यासाठी औषध शोधत होते आणि त्यांच्या लक्षात आले की हे दिल्यावर माणूस गाढ न झोपताही शांत होतो. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-अ‍ॅन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर देनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिले, तेव्हा रुग्ण केवळ शांत झाले नाहीत, तर काही आठवड्यांत त्यांचे भास आणि भ्रमही ओसरू लागले. नुसत्या गुंगीच्या औषधाने असे होत नाही. पुढे आर्विद कार्लसन यांच्या संशोधनातून या औषधांचा मेंदूतील डोपामिन या रसायनाशी असलेला संबंध उलगडत गेला. डोपामिनविषयीच्या मूलभूत कामासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिकही मिळाले.

ढोबळमानाने सांगायचे, तर मेंदू कोणत्या गोष्टीला महत्त्व द्यायचे हे ठरवतो, त्यात डोपामिनचा मोठा वाटा असतो. या आजारात ते काही भागांत अवाजवी प्रमाणात सुटू लागते, मग मोटारीच्या घरघरीलाही अर्थ चिकटतो आणि शेजाऱ्याचे खाकरणेसुद्धा आपल्यासाठीच आहे असे वाटते. डोपामिन पेशींवरच्या ज्या ग्राहकांवर (रिसेप्टर नावाच्या जागांवर) जाऊन बसते, त्यांपैकी काही ग्राहक ही औषधे अडवून धरतात. मेंदूच्या चित्रणातून असे दिसून आले आहे की यांतल्या बहुतेक औषधांत साधारण ६५ टक्के ग्राहक अडवले गेले की गुण येऊ लागतो आणि ८० टक्क्यांच्या पुढे गेले की ताठरपणा व कंप सुरू होतो. म्हणजे गुण आणि त्रास यांच्यामधली जागा अरुंद आहे. मात्रा वाढवत नेल्याने रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हा समज त्यामुळेच चुकीचा आहे. तुमच्या भावाला रिस्पेरिडोनने जे झाले, ते बहुधा हेच होते.

सवयीविषयी म्हणाल, तर दारू किंवा तंबाखूसारखी तल्लफ या औषधांनी लागत नाही, आणि कोणी गंमत म्हणून मात्रा वाढवत नेत नाही. उलट घ्यायला लावावी लागतात, हेच आमचे दुखणे आहे. मात्र अचानक तोडली, तर काही दिवस झोप उडणे, मळमळ, घाम, बेचैनी असे त्रास होऊ शकतात. ते पाहून घरचे म्हणतात, ‘बघा, सवय लागलीच होती.’ हा शरीराचा तात्पुरता प्रतिसाद असतो आणि मात्रा हळूहळू उतरवली, तर तो बराच टळतो. ज्यांच्या बाबतीत सवयीची काळजी खरोखर घ्यावी, अशा दोन गोळ्या चिठ्ठीत कधीकधी सोबत असतात. एक क्लोनाझेपाम किंवा लोराझेपामसारखी झोपेची गोळी, जी बहुतेकदा सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरतीच हवी असते. दुसरी ट्रायहेक्सिफेनिडिल, जी ताठरपणा आणि कंप कमी करण्यासाठी देतात. रिस्पेरिडोन बंद झाल्यावरही ती तुमच्या भावाच्या चिठ्ठीत राहून गेली आहे का, हे कृपया पाहा. मूळ औषध बदलले तरी ही छोटी पांढरी गोळी वर्षानुवर्षे फाईलमध्ये तशीच पुढे सरकत राहते, असे मी वारंवार पाहतो. तिने तोंड कोरडे पडते, शौचास घट्ट होते, विसराळूपणा येतो आणि घाम कमी येतो. गरज उरली नसेल, तर डॉक्टरांना विचारून ती हळूहळू बंद करता येते.

आता ‘बरा झाला, मग बंद का नको’ या प्रश्नाचे उत्तर. या विषयावरील अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात औषध चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्के रुग्णांचा आजार वर्षभरात उलटला, तर औषधाऐवजी निष्क्रिय गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा उलटला. पहिल्याच खेपेच्या रुग्णांवर झालेल्या एका जुन्या अमेरिकी अभ्यासात औषध सोडल्यावर आजार उलटण्याचा धोका जवळजवळ पाचपट झाल्याचे आढळले होते. दोन्ही बाजू नीट पाहा. औषध घेऊनही काहींचा आजार उलटतो आणि न घेताही काहींचा उलटत नाही. अडचण ही की आपला माणूस त्या भाग्यवान गटातला आहे की नाही, हे आधीच सांगणारी कोणतीही तपासणी आज उपलब्ध नाही. शिवाय औषध सोडल्याबरोबर आजार लगेच परत येत नाही. पहिले काही आठवडे तर माणूस अधिक तरतरीत दिसतो, कारण गुंगी गेलेली असते, आणि त्यामुळे घरच्यांना वाटते की आपला निर्णय बरोबर होता. मग दोन-चार महिन्यांनी झोप कमी होते, तो एकटा बसू लागतो, चिडचिड वाढते आणि त्यानंतर आवाज परततात. मधला काळ एवढा असतो की गोळी सोडणे आणि आजार उलटणे यांचा संबंध कोणाच्या ध्यानातही येत नाही. पुन्हा भानामतीचेच नाव घेतले जाते.

भारतात आम्ही साधारणपणे असे चालतो की पहिलीच खेप असेल, तर लक्षणे पूर्ण ओसरल्यानंतरही किमान एक ते दोन वर्षे औषध चालू ठेवावे. आजार एकापेक्षा अधिक वेळा उलटला असेल, तर किमान पाच वर्षे. वारंवार उलटत असेल किंवा त्या काळात जिवाला धोका निर्माण झाला असेल, तर त्याहूनही दीर्घकाळ. तुमच्या भावाचे आठच महिने झाले आहेत. दोन वर्षे पार पडल्यावर, घरात शांतता असताना, घर सोडून जाण्याचा हंगाम नसताना, मात्रा कित्येक महिन्यांत थोडीथोडी उतरवून पाहायची की नाही, हे तो, तुम्ही आणि डॉक्टर मिळून ठरवू शकाल. वडिलांना सांगा की बंद करण्याची गोष्ट कायमची नाकारलेली नाही, ती आत्ता नाकारलेली आहे.

वजनाकडे मात्र आत्ताच पाहावे लागेल. आठ महिन्यांत तेरा किलो म्हणजे मूळ वजनाच्या जवळजवळ पाव भाग. वजन वाढवण्यात क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही दोन औषधे सर्वांत पुढे आहेत. भूक मंदावणारी यंत्रणाच ती ढिली करतात. पोट भरल्याची जाणीव उशिरा होते, म्हणून मुलगा भाकरीवर भाकरी मागतो आणि आई, तो आजारातून उठला आहे म्हणून, आनंदाने वाढते. यात कोणाचाही दोष नाही. परंतु स्किझोफ्रेनियाचे रुग्ण इतरांपेक्षा सरासरी पंधरा ते वीस वर्षे आधी दगावतात आणि त्यात हृदयविकार, मधुमेह व तंबाखू यांचा मोठा वाटा असतो. म्हणून वजन हा आमच्या लेखी दिसण्याचा प्रश्न नाही. उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तातील चरबी, रक्तदाब आणि कमरेचा घेर एवढे आता मोजून घ्या. पुढे दर वर्षी ते मोजत राहा आणि औषध बदलल्यास तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. हे सर्व उपजिल्हा रुग्णालयातही होऊ शकते.

डॉक्टरांपुढे तीन मार्ग असतील. पहिला, मात्रा १५ वरून १० वर आणणे. आठ महिने स्थिर असलेल्या रुग्णात याचा विचार होऊ शकतो, पण ऊसतोडीला निघण्याच्या तोंडावर मी स्वतः तसे करणार नाही. दुसरा, ओलान्झापिनच्या जोडीला मेटफॉर्मिन देणे. हे औषध मधुमेहाचे असले, तरी या औषधांनी वाढणारे वजन रोखण्यासाठी जगभर वापरले जाते. वजन वाढू लागताच ते सुरू केले, तर अधिक उपयोगी पडते. तिसरा, वजन कमी वाढवणारे औषध देणे, म्हणजे अ‍ॅरिपिप्राझोल, झिप्रासिडोन किंवा लुरासिडोन. इथे तुमच्या भावाच्या पूर्वानुभवाला फार महत्त्व आहे. रिस्पेरिडोनने त्याला एका जागी बसवत नव्हते आणि हीच बेचैनी अ‍ॅरिपिप्राझोलनेही सुरू होऊ शकते. तेव्हा बदल करायचाच असेल, तर जुने उतरवत, नवे चढवत, काही आठवड्यांत आणि डॉक्टरांच्या नजरेखाली व्हावा. लुरासिडोन आणि झिप्रासिडोन ही औषधे भरल्या पोटीच घ्यावी लागतात. लुरासिडोनसोबत किमान ३५० कॅलरींचे आणि झिप्रासिडोनसोबत सुमारे ५०० कॅलरींचे जेवण हवे, नाही तर औषध रक्तात निम्मेच उतरते. नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या फळांवर काढणाऱ्या घरात किंवा रमजानमध्ये हे आधीच डॉक्टरांना सांगितले पाहिजे, कारण उपवासाच्या आठवड्यात आजार उलटल्यावर त्याचे कारण कोणालाच सापडत नाही.

सकाळी दहापर्यंतची झोप दोन गोष्टींमुळे असू शकते आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे. एक म्हणजे गोळीची गुंगी. गोळी कधी रात्री उशिरा दिली जात असेल, तर ती आठ-साडेआठला, जेवणानंतर द्या, म्हणजे सकाळ बरीच मोकळी होते. दुसरी म्हणजे आजाराचाच उरलेला भाग. आवाज आणि संशय औषधाने चांगले आटोक्यात येतात, परंतु उत्साह नसणे, बोलणे कमी होणे, अंघोळीचाही कंटाळा येणे, चेहऱ्यावर भाव न उमटणे ही लक्षणे औषधांना तितकीशी दाद देत नाहीत. इथे ठरावीक वेळेचे काम, माणसांत वावर आणि घरच्यांचा संयम यांचा उपयोग जास्त होतो. ‘आळशी झालास’ असे टोमणे मारल्याने मात्र काहीही होत नाही, उलट सततच्या टोचणीने आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. याशिवाय औषधाचा ताठरपणाही आळसासारखा दिसू शकतो. तो ओळखण्याची साधी रीत अशी : त्याला अंगणात, आपण पाहत आहोत हे जाणवू न देता, वीस-पंचवीस पावले चालू द्या. दोन्ही हात मोकळे हलतात की अंगाला चिकटल्यासारखे राहतात, पावले आखूड पडतात का, वळताना सगळे अंग एकदम वळते का, चहाचा कप धरलेल्या बोटांना बारीक कंप आहे का, हे पाहा. असेल, तर मोबाईलवर छोटे चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. जीभ किंवा ओठ आपोआप वळवळत असतील, तर तेही टिपून घ्या. ही हालचाल दीर्घकाळ औषध घेतल्यानंतर उद्भवते आणि लवकर लक्षात आली, तर तिच्यावर उपाय करणे सोपे जाते.

चहाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडे हे घराघरांत चालते आणि आया ते जिवाच्या आकांताने करतात. ज्या मुलाला आजारपणात ‘जेवणात काही तरी कालवले आहे’ असेच वाटत होते, त्याला उद्या कपाच्या तळाशी पांढरा चोथा दिसला, तर त्याचा संशय खरा ठरेल आणि त्यानंतर आईच्या हातचे पाणीही तो पिणार नाही. शिवाय अर्धा चहा उरला, की अर्धी मात्रा उरते, आणि उद्या चहाच नको म्हणाला, तर मात्राच चुकते. आणखी एक गोष्ट औषध देणाऱ्यांनाही अनेकदा माहीत नसते : रिस्पेरिडोनचे पातळ औषध चहात किंवा कोलात मिसळायचे नसते. त्यांत ते नीट टिकत नाही. पाणी, दूध किंवा संत्र्याचा रस यांत चालते. सुरुवातीला तुम्ही थेंबच चहात देत असाल, तर गुण उशिरा येण्याचे ते एक कारण असू शकते. आता तो आठ महिने स्थिर आहे आणि समजून घेण्याच्या स्थितीत आहे. त्याला उघडपणे सांगण्याची हीच वेळ आहे. शक्यतो डॉक्टरांसमोर, थेट त्याच्याशी बोलून : आवाज येत होते तेव्हा तुला किती त्रास झाला, ते थांबले, हे या गोळीने झाले, आणि ती तुला नकळत दिली गेली, कारण त्या वेळी आम्हाला दुसरा मार्ग दिसत नव्हता. तो रागावेल. रागावू द्या. पुढची वर्षे गोळी त्याच्या हाताने घेतली जावी, यासाठी तेवढा राग सोसण्यासारखा आहे. जिभेवर विरघळणाऱ्या ओलान्झापिनच्या गोळ्या मिळतात. गिळायचा कंटाळा किंवा गालात लपवण्याची सवय असेल, तर त्या सोयीच्या पडतात.

बिडीविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, पण ऊसतोडीच्या फडावर तो बिडी ओढणार असेल, तर हे वाचून ठेवा. बिडी-सिगारेटच्या धुरातील घटकांमुळे यकृत ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही औषधे अधिक वेगाने निकालात काढते, त्यामुळे रक्तातील त्यांची पातळी घटते. उलट, रोज बंडल ओढणाऱ्याने एकदम बिडी सोडली, तर तीच मात्रा अंगावर येऊ शकते. विशेषतः क्लोझापिनच्या बाबतीत हे धोक्याचे ठरते. हा परिणाम धुराचा आहे, तंबाखूचा नव्हे. मळून खाल्लेल्या तंबाखूने तो होत नाही, तंबाखूचे बाकीचे नुकसान अर्थातच होते. गांजा मात्र पूर्ण वर्ज्य समजा. आजार उलटवण्यात त्याचा वाटा मोठा असतो.

आता ऊसतोड. बीड जिल्ह्यात काम करणाऱ्या कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञाला विचारा, दसरा-दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत फाईली बंद पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्यातले काही रुग्ण बांधून आणावे लागतात. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, कोयता (ऊस तोडणाऱ्यांची ठरलेली जोडी) मोडता येत नाही, त्यामुळे ‘नेऊ नका’ असे म्हणणे मला सोपे असले, तरी तुम्हाला ते परवडणारे नसेल, हे मी जाणतो. तरीही एक गोष्ट स्पष्ट लिहितो : या हंगामात त्याच्या नावावर कोयता लावू नका. पहाटे तीनला उठून ऊस तोडणे आणि रात्री गाडी भरणे यात झोप मोडते, आणि झोप मोडणे हे या आजारात पहिले वाईट लक्षण असते. घरी आजी-आजोबांजवळ, गोळी वेळेवर देणारे कोणी असेल, तर तो घरीच राहावा. नेणे अटळच असेल, तर संपूर्ण हंगामाचे औषध एकाच वेळी त्याच्या हाती देऊ नका. पट्ट्या एका जबाबदार माणसाकडे ठेवा, उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या पेटीऐवजी कोपीच्या (फडावरच्या झोपडीच्या) आतल्या सावलीत ठेवा आणि चिठ्ठीचा फोटो दोन मोबाईलमध्ये ठेवा. जनऔषधी केंद्रांतून हीच औषधे बरीच स्वस्त मिळतात.

इंजेक्शनचा पर्याय तुम्हाला कोणी सुचवेल. फ्लुफेनाझिन डेकॅनोएट दोन ते चार आठवड्यांनी आणि हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट महिन्याने द्यायचे असते आणि फडावर गोळ्या चुकवणाऱ्या रुग्णांना मी ती आवर्जून देतो. पण तुमच्या भावाचे अंग रिस्पेरिडोनने ताठ झाले होते आणि या दोन्हींत ताठरपणाचा धोका त्याहून अधिक आहे. पॅलिपेरिडोन हे रिस्पेरिडोनपासूनच शरीरात तयार होणारे द्रव्य आहे, त्यामुळे त्याच्या मासिक इंजेक्शनबाबतही तीच सावधगिरी हवी. ओलान्झापिनचेही दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन आहे, पण ते टोचल्यावर प्रत्येक वेळी किमान तीन तास रुग्णालयात देखरेखीखाली थांबावे लागते, त्यामुळे फडावरच्या माणसाला ते जमणारे नाही. एकदा टोचलेले इंजेक्शन काढून घेता येत नाही. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी पहिल्यांदाच असे इंजेक्शन घेणे अयोग्य ठरेल. घ्यायचेच असेल, तर लहान चाचणी मात्रा देऊन, दोन महिने इथेच पाहून मग ठरवावे. आत्ता त्याला गोळीने गुण आहे, तर गोळीवरच भर द्यावा, असे माझे मत आहे.

परत आल्यावर एप्रिल-मे लागतो आणि आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. ही औषधे शरीराचे तापमान सांभाळण्याच्या यंत्रणेत ढवळाढवळ करतात. ट्रायहेक्सिफेनिडिल सोबत असेल, तर घामही कमी येतो. म्हणून दुपारचे शेतकाम टाळावे आणि पाणी, ताक भरपूर द्यावे. खूप ताप, अंग लाकडासारखे कडक होणे, घाम, छातीची धडधड आणि भान हरपणे असे एकत्र दिसले, तर तो उष्माघात आहे की औषधाचा दुर्मीळ पण जीवघेणा दुष्परिणाम, याचा निवाडा घरी करत बसू नका. पुढची गोळी न देता तडक मोठ्या रुग्णालयात न्या. डॉक्टरांना न विचारता गोळी थांबवावी, असा प्रसंग मला हा एवढाच सांगावासा वाटतो.

तुमच्या भावाला लागू नसले, तरी अशाच घरांतील इतर वाचकांसाठी क्लोझापिनविषयी लिहितो. साधारण तीनांपैकी एका रुग्णाला नेहमीच्या औषधांनी पुरेसा गुण येत नाही. दोन वेगवेगळी औषधे, योग्य मात्रेत, प्रत्येकी किमान सहा आठवडे खरोखर पोटात जाऊनही आवाज थांबत नसतील, तर क्लोझापिनचा विचार व्हायलाच हवा. (तुमच्या भावाचे रिस्पेरिडोन गुण न आल्याने नव्हे, तर त्रासामुळे थांबले, त्यामुळे ते या हिशेबात धरू नये.) १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधाने पांढऱ्या पेशी घटून काही रुग्ण दगावले आणि ते बऱ्याच ठिकाणी मागे घेतले गेले. परंतु १९८८ मधील एका प्रसिद्ध अमेरिकी चाचणीत, इतर औषधांनी न सुधारलेल्यांपैकी ३० टक्के रुग्ण क्लोझापिनने सुधारले, तर तुलनेसाठी दिलेल्या क्लोरप्रोमाझिनने ४ टक्केच. म्हणून ते रक्ततपासणीच्या अटीवर परत आले. सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला आणि मग हळूहळू अंतर वाढवत, पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. रक्ताची भीती घरच्यांना असते, पण बद्धकोष्ठाकडे सगळे दुर्लक्ष करतात, आणि क्लोझापिनवर चार दिवस शौचास न होणे हे रुग्णालयात जाण्याचे कारण आहे. आतडे बंद पडून माणसे दगावलेली आहेत. तरीही अनेक घरांत वर्षानुवर्षे दोन-दोन, तीन-तीन औषधांची भेसळ चालू राहते आणि क्लोझापिन कोणी सुचवतच नाही, याचे मला वाईट वाटते.

देवऋषीकडे गेल्याबद्दल तुम्ही पत्रात जवळजवळ माफी मागितली आहे, त्याची गरज नाही. गंडा हातात राहू द्या आणि गोळी पोटात जाऊ द्या, मी एवढेच म्हणतो. मात्र गोळी बंद करायला सांगणारा, उपाशी ठेवणारा, मारणारा किंवा साखळीने बांधणारा कोणीही असो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे आणि बांधून ठेवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर कोणत्याही मनोरुग्णाला साखळदंडाने बांधण्यास बंदी आहे. उपचाराविना जितके महिने जातात, तितका गुण येणे अवघड होत जाते, हे कारण मला कायद्यापेक्षाही मोठे वाटते.

स्थळाविषयी : या वर्षी नको. आजार पूर्ण शांत होऊन किमान वर्ष-दोन वर्षे जाऊ द्या आणि मग करा, पण लपवून करू नका. लपवले की लग्नाच्या आठवड्यातच गोळ्यांची पट्टी दडवली जाते, रात्रीची गोळी चुकते, जागरणे होतात आणि आजार नव्या नवरीच्या देखत उलटतो. महत्त्वाची गोष्ट फसवून लग्न केल्यास हिंदू विवाह कायद्याखाली ते रद्द ठरवून घेण्याचा मार्गही दुसऱ्या बाजूला खुला असतो. आई-वडिलांपैकी एकाला हा आजार असेल, तर अपत्याला तो होण्याची शक्यता साधारण दहात एक असते, म्हणजे नऊ वेळा होत नाही. हेही मुलीकडच्यांना सांगता येते. या औषधांनी पुरुषांची लैंगिक इच्छा किंवा लिंगाची ताठरता कमी होऊ शकते आणि लग्न झाल्यावर मुले याच कारणाने, कोणाला न सांगता, गोळी सोडतात. भावाला हे बहिणीपाशी बोलता येणार नाही. तेव्हा पुढच्या भेटीत त्याला डॉक्टरांसोबत पाच मिनिटे एकटे बसू द्या.

अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे. लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय महाविद्यालयांतही मानसोपचार विभाग आहेत, तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली औषधे मोफत मिळतात. फडावर असताना काही बिघडले, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक देशभर चोवीस तास चालतो आणि कोल्हापुरातूनही लागतो. दसऱ्याच्या किमान महिनाभर आधी फाईल, वजनाची नोंद, साखरेचा अहवाल आणि चालण्याचे चित्रण घेऊन भावासह डॉक्टरांकडे जा, म्हणजे मेटफॉर्मिन सुरू करायचे की औषध बदलायचे, याचा निर्णय होऊन त्याचा परिणाम निघण्यापूर्वी इथेच पाहता येईल.